तेरा महिन्यांच्या गाडीचे इंजिन आणि हंपीची लांबलेली वाट

पहिला दिवस : गुरुवार, १६ नोव्हेंबर २०२३

भाऊबीज आटोपली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता आम्ही चौघांनी पुणे सोडले. पत्नी, अकरा वर्षांची मुलगी, माझी आई आणि मी. हंपीला जायचे हे आईच्या मनात फार वर्षांपासून होते. कृष्णदेवरायाने पंढरपूरची विठ्ठलमूर्ती विजयनगरला, म्हणजे आजच्या हंपीला, नेली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, ही कथा तिने लहानपणापासून ऐकलेली. ज्या देवळात विठोबा नाही ते विठ्ठलाचे देऊळ एकदा डोळ्यांनी पाहावे, एवढीच तिची इच्छा होती. मुलीला ओढ होती ती पन्नास रुपयांच्या नोटेवरच्या दगडी रथाची.

गाडी २०२२ च्या दसऱ्याला घेतलेली, म्हणजे तेरा महिन्यांची, आणि निघताना मीटरवर १८,२९० किलोमीटर होते. एक लिटरचे, तीन सिलिंडरचे टर्बो, म्हणजे जादा हवा दाबून आत भरणारा पंखा असलेले, पेट्रोल इंजिन. पहिली दोन्ही सर्व्हिसिंग ठरलेल्या वेळी, कंपनीच्याच अधिकृत केंद्रात झालेली होती आणि त्यांच्या पावत्या गाडीच्या कप्प्यात होत्या. आदल्या दिवशी हवा, पाणी आणि ऑइल मी स्वतः पाहिले होते. नव्या गाडीला एवढे कशाला पाहायचे, असे घरचे म्हणतात. ती सवय पुढे किती उपयोगी पडणार आहे याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

खंबाटकी घाट, सातारा, कऱ्हाडला नाश्ता, कोल्हापूरला पंचगंगा आणि मग कोगनोळीचा नाका, असा प्रवास अगदी सुरळीत झाला. साडेदहाच्या सुमारास संकेश्वर मागे पडले, वंटमुरीचा घाट ओलांडला आणि बेळगाव शहर बाजूला टाकून आम्ही धारवाडच्या दिशेने लागलो. हिरेबागेवाडीचा टोलनाका सोडून दहा-एक किलोमीटर गेलो असू, तेव्हा रिकाम्या डब्यावर लाकडी मोगरी हलक्या हाताने मारावी तसा ठक् ठक् आवाज येऊ लागला. पत्नीला वाटले की टायरमध्ये खडा अडकला असेल. मी गाडी न्यूट्रलला टाकली, तरी आवाज चाकांच्या वेगाबरोबर उतरला नाही. अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबला की तो जलद होई, सोडला की संथ होई. म्हणजे आवाज चाकाचा नव्हता, इंजिनाचा होता. तेवढ्यात समोर तेलाच्या कुपीच्या चित्राचा, तेलाचा दाब पडल्याचे सांगणारा लाल दिवा एकदा लुकलुकला आणि मग लागूनच राहिला.

लाल दिवा लागल्यापासून गाडी थांबेपर्यंत फार तर तीनशे मीटर अंतर गेले असेल. गाडी चालती असताना इंजिन बंद केले तर स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकला मिळणारी मदतही एक-दोन दाबांत संपते, म्हणून न्यूट्रलमध्येच गाडी डाव्या कडेला घेतली, ती पूर्ण थांबवली आणि मग चावी फिरवली. तत्पूर्वी दोन सेकंद थांबून मीटर आणि लाल दिवा एकाच चौकटीत येईल असे छायाचित्र फोनवर घेतले. मीटरवर १८,६४० होते आणि वेळ ११ वाजून ४२ मिनिटे. आई आणि मुलीला लोखंडी कठड्याच्या पलीकडे उभे केले, त्रिकोणी फलक मागे नेऊन ठेवला आणि १०३३ या राष्ट्रीय महामार्गाच्या मदत क्रमांकावर फोन केला. पंचवीस मिनिटांत गस्तीची गाडी आली. तिच्यावरच्या दोघांनी नारिंगी शंकू मांडून मागून येणाऱ्या वाहनांना वळवले आणि आईला बसायला त्यांच्या गाडीत जागा दिली. त्या दोघांचे उपकार मी विसरणार नाही, कारण सहापदरी रस्त्याच्या कडेला उभ्या गाडीपाशी सगळ्यात मोठा धोका मागून येणाऱ्या ट्रकचाच असतो.

आमच्याभोवती तीन-चार माणसे जमली. त्यांतल्या एकाने कळकळीने सुचवले, ‘जरा स्टार्ट करून बघा की, कदाचित नुसता सेन्सर असेल.’ मोह झाला, हे खरे. इंजिन थंड होऊ दिल्यावर मी ऑइलची पट्टी काढून पाहिली. तेल दोन्ही खुणांच्या मध्ये, जिथे असायला हवे तिथेच होते, मात्र त्याला जळकट वास येत होता. तेल पुरेसे आहे आणि तरीही दाब नाही, म्हणजे बिघाड आत कुठेतरी खोल आहे, हे त्याच क्षणी मनाने घेतले. चावी काढून मी खिशात ठेवली आणि पुन्हा तिला हात लावला नाही. कंपनीच्या मदतसेवेने पाठवलेली, सपाट पाठीची टोइंग गाडी पावणेदोन तासांनी आली आणि आमची गाडी तिच्यावर चढवून आम्ही तीसेक किलोमीटर मागे, बेळगावला गेलो. त्या प्रवासात आई एवढेच म्हणाली, ‘सगळे धड आहेत ना, मग झालं.’

दुसरा दिवस : शुक्रवार, १७ नोव्हेंबर

सकाळी नऊला मी अधिकृत सेवाकेंद्रात हजर झालो. तिथल्या सल्लागाराचा पहिला प्रश्न होता, ‘ऑइल वेळेवर बदललं होतं का?’ आणि दुसरा, ‘लाइट लागल्यावर किती किलोमीटर चालवली?’ पहिल्याला मी दोन्ही पावत्या दाखवल्या. दुसऱ्याला फोनमधले छायाचित्र दाखवले, आणि गाडीच्या संगणकात साठलेल्या बिघाडाच्या नोंदी वाचून त्यांची छापील प्रत मागितली. त्या नोंदीतले किलोमीटर आणि छायाचित्रातले किलोमीटर एकच होते. त्यानंतर तो प्रश्न पुन्हा कोणी विचारला नाही. नंतरच्या महिनाभरात माझी बाजू ज्या आधारावर टिकली, त्यातला अर्धा आधार हा एवढाच होता.

इंजिन खोलण्याआधी माझ्यापुढे जॉब कार्ड सहीसाठी आले. वॉरंटी नाकारली गेल्यास खोलण्याचा सर्व खर्च ग्राहकावर राहील, असे त्यात छापलेले होते. सही केल्याशिवाय काम पुढे सरकणार नव्हते, त्यामुळे सही केली. पण तिच्या वर स्वतःच्या हाताने दोन वाक्ये लिहिली. पहिले असे की, गाडी वॉरंटीच्या मुदतीत असून बिघाडाचे कारण लेखी मिळेपर्यंत कोणताही खर्च मला मान्य नाही. दुसरे असे की, काढलेला एकही भाग माझ्या लेखी संमतीशिवाय टाकून देऊ नये. सल्लागाराने थोडी कुरकूर केली, पण त्या कार्डाची प्रत मला दिली.

दुपारी तेल काढताना मी जवळ उभा होतो. गाडी लिफ्टवर चढवलेली, खाली रुंद ट्रे, आणि मेकॅनिकने चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याचा, नट सैल करताच काळसर धार पडू लागली. दारातून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत त्या धारेत काहीतरी चमकले. ट्रे भरल्यावर मेकॅनिकने तो किंचित हलवला, तेव्हा तेलावर तांबूस-चंदेरी रेघा सरकल्या. चार दिवसांपूर्वी आमच्या दारातल्या रांगोळीत मुलीने अशीच चमकी भुरभुरली होती. त्याने दोन बोटांत थेंब घेऊन चोळला आणि बोटे माझ्यापुढे धरली. कातडीच्या रेषारेषांत धातूचे बारीक पापुद्रे अडकलेले होते. मग त्याने चुंबक बुडवून पाहिले. थोडे कण चिकटले, बहुतेक चिकटले नाहीत. ‘लोखंड नाही साहेब हे, बेअरिंगचं मेटल आहे,’ तो हळू आवाजात म्हणाला, ‘इंजिन बसलं.’

संध्याकाळी विमा कंपनीला फोन केला. अपघात नसताना झालेला यांत्रिक बिघाड नेहमीच्या मोटार विम्यात येत नाही, आणि इंजिनासाठी वेगळे घेतलेले संरक्षणही मुख्यतः पाणी शिरून किंवा तेल गळून झालेल्या नुकसानीसाठी असते, हे तिथे स्पष्ट झाले. तेव्हा उरली ती तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटरची कंपनीची वॉरंटी.

तिसरा दिवस : शनिवार, १८ नोव्हेंबर

सकाळी चेंबर उतरवल्यावर खालून क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, दिसू लागला. पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या तिन्ही कनेक्टिंग रॉडच्या टोप्या एकेक करून सोडवल्या गेल्या. पहिल्या दोन जागांची बेअरिंगे, म्हणजे क्रँकला वेढणारे अर्धगोल पत्रे, राखाडी आणि गुळगुळीत होती. तिसऱ्या जागेचे अर्धगोल पत्रे मात्र जळून काळे-निळे पडलेले, एकमेकांवर चढलेले आणि कडेने पातळ होऊन पापडासारखे फाटलेले होते. बेअरिंग आपली खाच सोडून फिरले होते. मी प्रत्येक भागाची, त्याच्या क्रमांकासह, छायाचित्रे घेतली.

आमच्या लॉजच्या मालकांनी ही हकिकत ऐकली आणि मला उद्यमबागेत एका कारागिराकडे पाठवले. बेळगावचा उद्यमबाग परिसर ओतकामाच्या भट्ट्या आणि लेथच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. पाट्या कन्नडमध्ये आणि मराठीतही, आणि रस्त्यावरून चालताना सतत धातू कापल्याचा वास. सत्तरीकडे झुकलेल्या त्या काकांचे सगळे आयुष्य क्रँक ग्राइंडिंगमध्ये गेलेले. त्यांनी माझा फोन हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि छायाचित्रे मोठी करून बराच वेळ पाहिली.

त्यांनी मला जे समजावले ते मी इथे माझ्या शब्दांत मांडतो. क्रँक आणि बेअरिंग हे धातूला धातू लागून कधीच फिरत नाहीत. दोहोंमध्ये मिलिमीटरचे काही शतांश, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी फट असते आणि पंपाने दाबून पाठवलेले तेल त्या फटीत पातळ पडद्यासारखे पसरून सगळा भार उचलते. ते तेल रॉडच्या बेअरिंगपर्यंत पोचते ते क्रँकच्याच पोटात पाडलेल्या अरुंद छिद्रांतून. पडदा तुटला की धातू धातूला घासतो, फट वाढते, वाढलेल्या फटीतून तेल वाहून जाते आणि दाब आणखी पडतो. लाल दिव्याची कळ दाब अगदी तळाला गेल्यावरच लागते, त्यामुळे दिवा दिसतो तेव्हा आतले नुकसान बहुधा सुरू होऊन गेलेले असते.

‘आता बघा,’ काका म्हणाले, ‘तेल कमी पडलं असतं, नाहीतर तुम्ही बदललंच नसतं, तर तिन्ही जागी रेघा उमटल्या असत्या की. दोन जागा आरशासारख्या हाईत आणि एकच जळालीय. म्हणजे दोष तेवढ्याच जागेचा. एक तर बेअरिंग नीट बसवलेलं नाही, नाहीतर तेलाच्या भोकात कारखान्यातलाच धातूचा किस अडकलाय. ती बेअरिंगं कुणाला देऊ नका.’

या चार वाक्यांसाठी त्यांनी एक पैसाही घेतला नाही, चहा मात्र आग्रहाने पाजला. एवढ्या नेमक्या शब्दांत दोषाची जागा दाखवणारे माणूस मला पुढच्या सगळ्या पत्रव्यवहारात भेटले नाही. परत लॉजवर येऊन मी कंपनीच्या ग्राहक विभागाला सविस्तर ईमेल लिहिला. छायाचित्रे, पावत्या, संगणकातील नोंद आणि जॉब कार्डाची प्रत जोडली आणि एकच प्रश्न विचारला : तेलाच्या अभावाने हा बिघाड झाला असेल, तर पहिली दोन बेअरिंगे निर्दोष कशी राहिली?

चौथा दिवस : रविवार, १९ नोव्हेंबर

सकाळी आईला किल्ल्यातली कमल बस्ती दाखवली. छताला लटकलेल्या त्या दगडी कमळाखाली ती बराच वेळ मान वर करून उभी राहिली. दुपारी कपिलेश्वराचे दर्शन घेतले, कुंद्याचा डबा घेतला आणि रात्रीच्या रेल्वेने आम्ही पुण्याला निघालो. गाडी न घेता घरी परतताना मन जड होते. मुलीने पन्नासाची नोट पाकिटात परत ठेवून दिली होती.

पाचव्या दिवसापासून सदतिसाव्या दिवसापर्यंत

नऊ दिवस ईमेलला पोच यापलीकडे काहीही आले नाही. २७ नोव्हेंबरला मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. गाडी कर्नाटकात अडकलेली आणि कंपनीचे कार्यालय तिसऱ्याच राज्यात, तेव्हा दाद मागायची कुठे, ही चिंता एका वकील मित्राने दूर केली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही तक्रार करता येते आणि त्यासाठी कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. आधीच्या १९८६ च्या कायद्यात राहत्या ठिकाणी तक्रार करण्याची ही सोय नव्हती. तसे पत्र पाठवल्यानंतर तीन दिवसांत कंपनीच्या तांत्रिक अधिकाऱ्याने बेळगावला जाऊन इंजिन पाहिले.

पहिला प्रस्ताव आला तो क्रँक आणि बेअरिंगे बदलून तेच इंजिन बांधून देण्याचा. मी नाकारला. धातूचे ते पापुद्रे तेलाबरोबर इंजिनभर फिरलेले होते : तेलाच्या वाहिन्यांत, ऑइल कूलरमध्ये आणि ज्याचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि त्याच तेलावर तरंगतो त्या टर्बोमध्येही. मग हाफ इंजिन देण्याची तयारी दाखवण्यात आली, म्हणजे खालचा ब्लॉक नवा आणि वरचे हेड व टर्बो जुनेच. टर्बो उघडून त्याच्या तेलाच्या नळीतली जाळी मला दाखवावी, असे मी उलट लिहिले. व्हिडिओवर ती जाळी दाखवली गेली आणि तिच्यावर तीच तांबूस चमक होती. ८ डिसेंबरला संपूर्ण इंजिन, टर्बो आणि कूलरसह, वॉरंटीत बदलून देण्याचे पत्र आले. कारण म्हणून ‘तिसऱ्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगमधील निर्मितीदोष’ एवढेच नमूद होते. किस अडकला होता की बेअरिंग चुकीचे बसले होते, हे मला आजतागायत सांगितले गेलेले नाही, आणि ते सांगायला हवे होते असे माझे ठाम मत आहे. त्याच दिवशी त्याच रांगेवरून उतरलेली आणखी इंजिने कोणाच्या तरी गाडीत आहेत.

नव्या इंजिनाला उरलेल्या मुदतीचीच वॉरंटी मिळते, नवी तीन वर्षे मिळत नाहीत. बराच पाठपुरावा केल्यावर एक वर्ष वाढवून मिळाले, तेही लेखी घेतले.

अडतिसावा दिवस : शनिवार, २३ डिसेंबर

मी एकटाच रेल्वेने बेळगावला पोचलो. गाडी ताब्यात घेण्यापूर्वी इंजिनावर कोरलेला नवा क्रमांक पत्रावरच्या क्रमांकाशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहिला आणि जुने इंजिन कंपनीकडे परत गेल्याची नोंद मागून घेतली. पहिले हजार किलोमीटर इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या वर नेऊ नका, एकाच वेगाने तासन्‌तास चालवू नका, आणि हजारला तेल व फिल्टर बदला, असे तिथल्या त्याच मेकॅनिकने बजावले. निघताना उद्यमबागेत जाऊन काकांना गाडी दाखवली. त्यांनी बॉनेट उघडायला लावले, इंजिन चालू ठेवून दोन मिनिटे डोळे मिटून ऐकले आणि फक्त मान डोलावली.

पुण्याला यायला मला नऊ तास लागले. वाटेत तीन वेळा थांबून तेलाची पट्टी पाहिली.

पन्नासावा दिवस : गुरुवार, ४ जानेवारी २०२४

इंजिन बदलले की गाडीची नोंदही बदलावी लागते, ही बाब सेवाकेंद्राने आपणहून सांगितली नव्हती. आरसी बुकवर जुना क्रमांक आणि गाडीत नवा, अशा स्थितीत पुढे अपघात झाला किंवा गाडी विकायची झाली तर मोठी अडचण होऊ शकते. ‘वाहन’ संकेतस्थळावर अर्ज भरला. नव्या इंजिनाचे बिल, कंपनीचे पत्र, विमा आणि पीयूसी जोडले. गाडीवर कर्ज असल्याने बँकेचे ना हरकत पत्र मिळवण्यात आठवडा गेला. आज आरटीओच्या निरीक्षकांनी बॉनेटखाली वाकून, बॅटरीच्या उजेडात क्रमांक वाचला, चेसिसच्या क्रमांकावर कागद धरून पेन्सिलीने त्याचा ठसा उमटवला आणि गाडी पास केली. नवी नोंद मिळताच विमा पॉलिसीवरही तोच क्रमांक चढवून घेतला.

बहात्तरावा दिवस : शुक्रवार, २६ जानेवारी

तोच रस्ता, तीच चार माणसे. चावी फिरवल्यावर सगळे दिवे लागतात आणि इंजिन सुरू होताच विझतात. त्यांतला तेलाच्या कुपीचा दिवा विझला की आई मागून ‘गेला’ असे म्हणते. पुणे, कऱ्हाड, बेळगाव, तिन्ही ठिकाणी ती तसे म्हणाली. हिरेबागेवाडीच्या पुढे तो कठडा ओळखीचा दिसला. कोणी काही बोलले नाही. मी वेग थोडा कमी केला, काच खाली घेतली आणि कान दिला. इंजिनाचा एकसारखा आवाज आणि वारा, एवढेच ऐकू आले. मलप्रभेचा पूल ओलांडला तेव्हा मुलीने पाकिटातून नोट काढली होती.

संध्याकाळी उशिरा होसपेटला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी हंपीत, विठ्ठल मंदिराच्या मूर्ती नसलेल्या गाभाऱ्यापाशी, आईने चपला बाहेर काढून ठेवल्या आणि ती हात जोडून उभी राहिली.